प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे

महोदय,

'तुम्हाला नैराश्य आहे का?' अशा मथळ्याची प्रश्नावली आपल्या पुरवणीत अधूनमधून येते आणि खाली गुणांनुसार सौम्य, मध्यम, तीव्र असा निकालही असतो. हे प्रश्न 'पीएचक्यू-९' या चाचणीतले. चाचणी उपयोगाची आहे, पण पुढे कोणाला तपासायचे एवढेच तिने ठरवायचे असते. झोप, भूक, उमेद याबद्दल ती विचारते तेही गेल्या दोन आठवड्यांपुरतेच.

माझ्या भाच्याच्या बाबतीत घोटाळा झाला तो इथेच. मोबाइलवर गुण भरपूर आले आणि जवळच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या. काही आठवड्यांत तो रात्ररात्र जागू लागला, अखंड बोलू लागला, कर्ज काढून धंदा टाकायला निघाला. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्या आईवडिलांनाही समोर बसवून खोदून विचारले, तेव्हा कॉलेजात असताना असाच एक काळ येऊन गेल्याचे निघाले. आजार बायपोलर होता, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (अवाजवी उत्साह) असा आलटूनपालटून येणारा. त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. मनाच्या आजारात रक्त तपासतात ते थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ ची कमतरता नाही ना, हे पाहायला. निदान होते ते मागची सगळी हकिकत ऐकूनच.

शोकाचेही तसेच. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतील अवस्थेला सहसा नैराश्य म्हणू नये, हा अमेरिकेच्या 'डीएसएम' या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेतला अपवाद २०१३ मध्ये काढून टाकण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेची 'आयसीडी-११' ही आजारांची यादी प्रदीर्घ शोकाला आजार मानते, पण किमान ६ महिने उलटले आणि तो त्या समाजाच्या रीतीभातीपलीकडे गेला तरच. 'डीएसएम'च्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी हीच मुदत वर्षाची आहे. तज्ज्ञांमध्येच इतका फरक! वर्षश्राद्ध होईपर्यंत सणवार न करणारे आपल्याकडचे घर काही आजारी नसते. गुणांची बेरीज हे कसे ओळखणार?

प्रश्नावली छापूच नका, असे माझे म्हणणे नाही. पण 'पूर्वी कधी झोपेशिवायही अफाट उत्साह वाटत होता का? असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा' एवढी ओळ तिच्यासोबत हवीच. शिवाय त्यातला नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. एखादा वाचक घरात एकटाच बसून त्यावर 'रोज' अशी खूण करत असेल. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको, त्या प्रश्नाला लागूनच ठळक छापावा.

– एक वाचक, सांगली