खोल फ्रेमसाठी लाकडी पट्टी कुठे मिळणार?

मा. संपादक,

आजीच्या पैठणीचा पदर, वडिलांची मेडल्स, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) असं काहीतरी बऱ्याच घरांत असतं, आणि ते ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा भिंतीवर लावूया म्हणून फ्रेमवाल्याकडे जावं तर तिथे प्लॅस्टिकची सोनेरी पट्टी, नाहीतर एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर) कागद चिकटवलेली, आणि काच बसवायची आतली खाच जेमतेम दोन-तीन सूत खोल (आठ सूत म्हणजे एक इंच). फोटोला चालतं हो, पण कापडात आणि काचेत निदान अर्धा इंच मोकळी जागा लागतेच, कापड काचेला टेकलं की पावसाळ्यात ओल धरते, बुरशीचे ठिपके पडतात, मग ते सहजासहजी जात नाहीत. पुण्यात बऱ्याच दुकानांत खोल लाकडी पट्टी मागितली, "तसलं आता कोणी ठेवत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

पण लाकूड आहे ना! जुने वाडे पाडतात तेव्हा त्यातल्या सागवानी तुळया नि चौकटी विकायला निघतात, भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, वखारी आहेत. जुना साग इतकी वर्षं वाळलेला असतो की तो सहसा पीळ खात नाही, नवं ओलं लाकूड घेतलं तर चार महिन्यांत कोपरे उघडतात. फक्त खिळे एकूण एक उपटून घ्यायचे, नाहीतर करवतीचं पातं जातं. दोन इंच उंच, एक इंच जाड पट्टी काढायची आणि सुताराकडून टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) दोन कट मारून दीड इंच खोल, तीन सूत रुंद खाच करून घ्यायची. कटातून जी बारीक लाकडी पट्टी निघते ती फेकू नका, तीच चिरून काचेच्या मागे आत बसवली की काच आणि वस्तू आपोआप लांब राहतात. १२ बाय १५ च्या फ्रेमला कोपऱ्यांची कापाकापी धरून सहा फूट पट्टी पुरते.

अडचण एवढीच की सहा फुटांसाठी मशीन लावायला सुतार तयार होत नाही आणि वखारवाला अख्खी तुळई घ्या म्हणतो. फ्रेमवाल्यांनी चार-पाच गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी एकत्र करून अशी पट्टी पाडून घेतली तर सगळ्यांनाच परवडेल. आणि ज्या सुतारांची हे करायची तयारी आहे त्यांची माहिती आपल्या पेपरात छापाल का? पावसाळ्याआधी छापलीत तर फार बरं होईल.

एक वाचक, पुणे