डॉक्टर मॅडम, बाबांना समजावून सांगितलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, बाबांच्या हृदयाचं पंपिंग ४५ टक्के आलं. तुमच्याकडे आणलं तेव्हा ते २५ होतं, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, आडवं झालं की धाप लागायची. ओपीडीत एवढी रांग असताना तुम्ही त्यांना समोर बसवून सगळं समजावलंत, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

लघवीच्या गोळीनं सूज उतरली तशी बाबा म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं, मंग बाकीच्या गोळ्या काहाले?" आमच्याकडे औषध सुटतं ते इथंच. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, त्या गोळीनं अंगातलं पाणी निघालं, हृदय अजून कमजोरच आहे. हृदय कमी पडलं की शरीर त्याला पळवणारं अ‍ॅड्रेनालिन वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी धरून ठेवतं. थकल्या बैलाला पराणी टोचत राहावं तसं. कार्व्हेडिलॉल ती टोचणी थांबवतं, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन रक्तवाहिन्या सैल करतं, आणि पसरलेलं हृदय काही महिन्यांत हळूहळू आटोपशीर होऊन जोर धरू लागतं. बाबांनी शेती केली आहे, त्यांना लगेच पटलं.

कार्व्हेडिलॉल ज्या गटातलं, ते बीटा ब्लॉकर एकेकाळी कमजोर हृदयाला द्यायला डॉक्टरही भीत. १९७५ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी ते देऊन पाहिलं आणि १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांतून दिसलं की त्यानं मृत्यू कमी होतात. हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणूनच सुरुवातीला थकवा आला तरी बाबांनी गोळी सोडली नाही. तुम्हीही डोस बेताबेतानं वाढवलात.

आणि पाणी! गाव खारपाणपट्ट्यातलं, जिथं जमिनीतलं पाणीच खारट, असं म्हटल्याबरोबर तुम्ही विचारलंत, पिता ते विहिरीचं की नळाचं? मिठाचं पथ्य सगळेच सांगतात, पाण्यातल्या मिठाचं कुणीच विचारलं नव्हतं. गुडघ्यांसाठी दुकानातून आणायची दुखण्याची गोळीही तुम्ही बंद केलीत, कारण तिनं अंगात पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो.

आता ४५ पाहून नातेवाईक म्हणतात, पुरे झाल्या गोळ्या. पण लंडनच्या एका अभ्यासात असंच पंपिंग सुधारलेल्यांची औषधं काढली, तर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के जणांचं हृदय पुन्हा बिघडलं, हे तुमचं सांगणं बाबा स्वतःच त्यांना ऐकवतात.

रक्तातलं पोटॅशियम आणि किडनीसाठीचं क्रिएटिनिन तपासून घेतलं आहे, रिपोर्ट पुढच्या वेळी आणतो. ऊन तापायला लागलं आहे, घामानंही पाणी जातं. लघवीच्या गोळीचा डोस तोच ठेवायचा का, तेही तेव्हा विचारीन.

आपला,
एका पेशंटचा मुलगा