ज्युराची वाइन आणि तुझ्या पुतण्याचा एकर

बेझांसों, एप्रिल

प्रिय सदा,

तुझं पत्र मिळालं. बेदाणा शेडवरून उतरला पण दर मनासारखा नाही, हे वाचून वाईट वाटलं. त्यात पुतण्यानं एकरभर वाइनची द्राक्षं लावायचा हट्ट धरलाय आणि "तिकडचे लहान बागवाले कसे जगतात ते नीट लिही" असं तू बजावलंयस. मी इथे घड्याळाचे बारीक भाग तपासतो, वाइन विकत नाही. पण बोर्दोच्या बड्या वाइनवाल्यांबद्दल लिहिण्यापेक्षा मला खरोखर माहीत असलेल्या ज्युराबद्दल लिहितो. तू माळकरी, एक थेंब घेणार नाहीस हे ठाऊक आहे. म्हणून चवीचं तुला पटेल अशा भाषेत सांगायचा प्रयत्न करतो, आणि बागेचं तर तुला माझ्यापेक्षा जास्तच कळेल.

फ्रान्सच्या पूर्वेला, बर्गंडी प्रांत आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध हा डोंगरउतार आहे, उत्तर-दक्षिण ८०-एक किलोमीटरचा. ज्युरासिक काळाला ज्यांच्यावरून नाव पडलं, तेच हे डोंगर. आज द्राक्षं जेमतेम २,००० हेक्टरवर. फायलॉक्सेरा ही कीड यायच्या आधी ती २०,००० हेक्टरवर होती. किडीनं मुळं खाल्ली, पाठोपाठ रेल्वेनं दक्षिणेतली स्वस्त वाइन आणून ओतली, आणि उरलेल्यांनी गाई पाळल्या. आजही बागेशेजारी कुरण, कुरणाशेजारी बाग असंच दिसतं. माती निळसर-करडी, चुनखडीची चिकणमाती. पाऊस झाला की बुटाला असा थर बसतो की पाय उचलवत नाही. लेत्वाल नावाच्या गावी त्या मातीत चांदणीच्या आकाराचे इवलेसे जीवाश्म सापडतात, शर्टाच्या बटणाहून लहान. मी एक उचलून खिशात टाकला होता, तो बहुधा धुलाईयंत्रात गेला.

आर्बुआ हे मुख्य गाव. १९३६ साली फ्रान्सनं वाइनच्या गावांना कायद्यानं नाव राखून द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या यादीत आर्बुआ होतं. इथली सहकारी वाइनरी १९०६ची. आमच्या सांगलीकरांना सहकाराचं कौतुक नको म्हणा, पण इथे डोंगरातल्या चीजवाल्यांनी दूध एकत्र करायची जी जुनी रीत पाडली होती तीच द्राक्षवाल्यांनी उचलली, आणि दोघांच्या संस्थांना शब्दही एकच आहे.

आता चाखायचं. इथली पहिली गंमत म्हणजे लाल आधी देतात आणि पांढरी मागून. बाकी फ्रान्समध्ये बहुतेक उलटं. कारण इथली लाल हलकी आणि पांढरी जड. पुल्सार नावाच्या द्राक्षाची साल इतकी पातळ की ग्लासच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळे वाचता येतात. प्यूपिलँ हे आर्बुआच्या वरच्या अंगाला चढणीवरचं गाव स्वतःला या द्राक्षाची जगाची राजधानी म्हणवतं. वस्ती काही शेकड्यांची, पण पाटी लावलीय. तिथले पियेर ओव्हेर्न्वा यांनी, वाइन टिकवायला घालतात ते गंधक न घालता वाइन करून दाखवली आणि तेव्हापासून पॅरिस-टोकियोचे लोक या गल्लीत येतात. मला विचारशील तर पुल्सार जरा डोक्यावर चढवून ठेवलाय. चांगला असला की लाल बेदाण्यासारखा आंबट-गोड आणि मोकळा, पण नुसत्या नावावर खपणाऱ्या बाटल्याही खूप. ग्लासात गोठ्याचा वास आला की लोक "किती अस्सल" म्हणतात. मी ग्लास शेजारी सरकवतो.

त्रुसो मात्र मनापासून आवडला. त्याला ऊन आणि खडीची गरम जमीन लागते, म्हणून मोजक्याच तुकड्यांवर होतो, मोंतिन्यी गावाच्या बाजूला जास्त. काळी मिरी आणि जांभळाच्या सालीचा तुरटपणा, मागे चव बराच वेळ टिकते. हेच द्राक्ष पोर्तुगालात पोर्ट वाइनमध्ये घालतात, तिथे त्याचं नाव वेगळं.

पण मी तुला हे पत्र लिहायला बसलो ते साव्हान्यँसाठी. पांढरं, जाड सालीचं, उशिरा पिकणारं, आंबटपणा शेवटपर्यंत न सोडणारं द्राक्ष. एका मंगळवारी घरी दोन बाटल्या शेजारी-शेजारी उघडल्या: एकाच माणसाच्या, एकाच उतारावरच्या. फरक एवढाच की एका पिपात उडून गेलेली वाइन दर थोड्या दिवसांनी भरत गेले, दुसऱ्यात भरलीच नाही.

पीप लाकडी, त्यातून पाणी आणि अल्कोहोल सतत उडतं. भरत राहिलं तर हवा शिरत नाही; वाइन स्वच्छ, लिंबाच्या सालीची, ओल्या दगडाची. न भरता सोडलं तर वर मोकळी जागा होते आणि त्यावर यीस्टची साय धरते. ही साय वाइनला आणि हवेला वेगळं ठेवते, पण पूर्णपणे नाही. म्हणून वाइनचं व्हिनेगर होत नाही, तिसरंच काहीतरी होतं. त्या मंगळवारी पहिल्या ग्लासाला माझ्या पुण्याच्या सहकाऱ्यानं मान डोलावली. दुसरा नाकाला लावल्याबरोबर म्हणाला, "अरे, ही खराब झालीय, दुकानदाराला परत दे." मग परत नाक खुपसलं, आणि विचारलं, "मेथी कुठून आली?"

ती खरोखर मेथीच होती, सदा. सोटोलॉन नावाचं एक रसायन आहे. मेथीदाण्याचा वास मुख्यतः त्याचाच, आणि सायीखाली वर्षानुवर्षं राहिलेल्या साव्हान्यँमध्येही तेच तयार होतं. वहिनी लोणच्यासाठी मेथी तळतात ना, ती लालसर झाली की स्वयंपाकघरात जो वास भरतो, तो घे. त्यात अक्रोड, जरा मिठाची कड घाल. तोंडात मात्र अजिबात गोड नाही, कोरडी ठणठणीत. रिकामा ग्लास रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी चहा टाकायला गेल्यावरही वास येतो.

याचंच पुढचं टोक म्हणजे व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन. फक्त साव्हान्यँ, आणि तोडणीनंतर सहा वर्षांहून जास्त वाट, त्यातली किमान पाच वर्षं पिपात सायीखाली, मध्ये एक थेंबही न भरता. लिटरमागे शेवटी उरतात ६२ सेंटिलिटर, म्हणून हिची बुटकी, चौकोनी खांद्यांची बाटलीही ६२चीच असते. थंडगार कोठारात ठेवायची आपली कल्पना इथे चालत नाही. सायीला ऋतू लागतात, म्हणून पिपं हवेशीर तळघरात नाहीतर चक्क माळ्यावर, उन्हाळ्यात तापतील आणि हिवाळ्यात गारठतील अशी ठेवतात. एका बाईंच्या माळ्यावर मी गेलो होतो. वरच्या बुचातून नळी घातली तर साय मोडेल, म्हणून त्यांनी पिपाच्या पुढच्या बाजूची बोटभर तोटी फिरवून चार थेंब काढले. ठरावीक महिन्यांनी नमुने प्रयोगशाळेत जातात. आंबटपणा वाढायला लागला की ते पीप या शर्यतीतून बाद. शेवटपर्यंत किती टिकतील याची खात्री कोणी देत नाही.

शातो-शालोंचं तर वेगळंच आहे. कड्यावर बसलेलं गाव, एके काळी जोगिणींचा मोठा मठ होता. या गावाच्या नावानं फक्त व्हँ जोनच निघते, आणि तोडणीआधी समिती बागेत फिरून ठरवते की यंदाचा माल या नावाच्या लायकीचा आहे का. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षांची शातो-शालों जगात कुठेही मिळणार नाही, कारण ती केलीच नाही. आपल्याकडे एखाद्या गावानं "यंदाची द्राक्षं आमच्या नावानं विकायची नाहीत" असा ठराव केला तर काय होईल, याची मी कल्पना करून पाहिली आणि सोडून दिली.

ही वाइन नुसती प्यायला मला अजूनही जड जाते. कोंबडी, मोरेल नावाची रानअळंबी आणि दुधाची साय यांच्याबरोबर, किंवा जुन्या कोंते चीजचा तुकडा तोंडात धरून घेतली तर ती उलगडते. चीज तुला पाठवणार होतो, पण त्यात वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. तेव्हा तेही राहिलं. रोजच्या जेवणाला मला विचारलंस तर भरत ठेवलेली साधी साव्हान्यँच. व्हँ जोन ४० युरोंच्या आसपास जाते, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिची जत्रा असते, तिथे गळ्यात ग्लास अडकवून चिखलात उभे असलेले हजारो लोक पाहिले की हौसेला मोल नाही हे पटतं. गाव बदलत राहतं, पहिलं पीप फोडायचं, जुन्या बाटल्यांचा लिलाव. २०१८मध्ये लों-ल-सोनिए गावातल्या एका लिलावात १७७४ सालची व्हँ जोन एक लाखाहून जास्त युरोला गेली.

आता तुझ्या हातातलं काम. व्हँ द पाय म्हणजे, सरळ सांगायचं तर, अर्धवट बेदाण्याची वाइन. निवडलेले अख्खे घड पेंढ्यावर, जाळीच्या पेट्यांत किंवा तारेला टांगून हवेशीर माळ्यावर किमान सहा आठवडे सुकवतात. तुमच्यासारखं लवकर सुकायला घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवणं नाही, उन्हाची धग नाही. थंडीत हळूहळू पाणी उडतं आणि रोज कोणीतरी जाऊन सडलेले मणी काढतं. नाताळाच्या सुमाराला ते पिळतात. १०० किलो ताज्या द्राक्षांमागे रस १५ ते १८ लिटर! तुझ्या बेदाण्याच्या चार किलो द्राक्षांना एक किलोपेक्षाही कडक हिशेब. मग तीन वर्षांची वाट, आणि विक्री अर्ध्या बाटलीत. वास जर्दाळू, खजूर, जुन्या मधाचा. गोड असूनही मागून आंबट येत असल्यामुळे चिकट वाटत नाही. तू पीत असतास तर सगळ्यात आधी हीच ओतली असती.

पाश्चरही इथलाच, बालपण आर्बुआत गेलं. १८७४मध्ये त्यानं गावाबाहेर बाग घेतली आणि १८७८मध्ये वेलींवर काचेची घरं उभी करून, घड कापसात गुंडाळून दाखवून दिलं की बाहेरचं यीस्ट सालीवर बसलं नाही तर रस आंबतच नाही. 

पुतण्याला मात्र स्पष्ट सांग. साव्हान्यँ तासगावच्या उन्हात आंबटपणा टिकवेल असं मला वाटत नाही. तिकडे ते द्राक्ष लावू नये. इथे वर्षाला एक छाटणी हिवाळ्यात, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुमच्या खरड आणि गोडी अशा दोन छाटण्या, डाऊनी रोगाची धास्ती हे गणितच निराळं. इथे धास्ती एप्रिलातल्या हिमाची. २०२१च्या एप्रिलात कोवळे कोंब एका रात्रीत काळे पडले आणि त्या वर्षी पिपं रिकामी राहिली. या आठवड्यातही बागांत रात्री मेणबत्त्यांचे डबे मांडून ठेवलेत. शिवाय माल सहा वर्षं माळ्यावर, वरचा तिसरा हिस्सा हवेत, आणि बँकेचा हप्ता महिन्याच्या महिन्याला. इथले लहान बागवाले तरतात कारण त्याच बागेतून ते लवकर विकली जाणारी लाल आणि फेसाळ वाइनही काढतात. पिवळीचा पैसा येईपर्यंत घर त्यावर चालतं. पुतण्याकडे तशी दुसरी सोय काय आहे, हे आधी विचार. आणि त्याला सुकवण्यातच काही करायचं असेल, तर तुझं शेड आहेच. एक पेटी तेल न लावता सावलीत सुकवून बघायला सांग, किती दिवस लागतात आणि किती मणी सडतात ते मला कळव.

खरड छाटणी झाली का? टँकर लागला की कालव्याचं पाणी आलं? काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही. दिवाळीला येतोय, तिकीट काढलंय.

तुझा,
अव्या