फाट्यावरच्या गॅरेजवाल्या दादांचे आभार

परवा देवगडच्या आमच्या बागेत तुडतुड्यांच्या किडीसाठी फवारणी चालू होती. ऐन मोहोरात पंपाचं इंजिन बंद पडलं. २०० लिटर औषध कालवून ठेवलेलं, आणि दोरी ओढून ओढून हात भरून आलेले.

फाट्यावरच्या गॅरेजवाल्या दादांना विचारलं. अर्धा जेवलेला डबा झाकून ते थेट बागेत आले. प्लग काढून पाहिला, ठिणगी होती. मग कार्बोरेटरची वाटी उघडली, तर तळाशी पाणी आणि पिवळा चिकटा. तांब्याच्या बारीक तारेने त्यांनी जेट, म्हणजे इंधन जायचं बारीक भोक, हळूच मोकळा केला. "लोखंडी तार घालू नको हां, भोक मोठं होतं," असं माझ्या मुलाला दाखवत दाखवत. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू!

पैसे घेतले नाहीत. उलट संध्याकाळी परत डोकावले, फवारणी पुरी झाली का बघायला.

दादा, गडबडीत तुमचं नावही विचारलं नाही. मनापासून आभार.