परत गेलेले डबे जातात कुठे?

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डबाबंद मालावरच्या कारवाईचे निकाल छापण्याबाबत

महोदय, स.न.वि.वि.

मी कोल्हापुरात आम्रखंड करून विकतो. हापूस जेमतेम दोन महिने मिळतो, बाकीचं वर्ष तीन किलोच्या डब्यातल्या आमरसावर निघतं. यंदा श्रावणात आलेल्या मालात चार डबे फुगलेले निघाले. वरून अंगठ्याने दाबलं की खालचा तळ टक्कन बाहेर. एकाला ओपनर लावला, तर फस्सकन वारा सुटला, मागून केशरी फेस आला आणि खोलीभर ताडीसारखा वास. डिस्ट्रिब्युटरने दोन डबे परत नेले, बदली दिले. नेलेल्यांचं काय करणार, असं विचारलं तर नुसता हसला.

म्हणून हे पत्र.

अमेरिकेत १९०६ साली शुद्ध अन्नाचा कायदा झाला. त्यासाठी झटलेला हार्वे वायली हा सरकारी रसायनशास्त्रज्ञ. अन्न टिकावं म्हणून तेव्हा घालत ते बोरॅक्स पोटात गेल्यावर काय होतं हे बघायला त्याने १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना ते जेवणातून मोजून दिलं होतं. (आज कोणी असं केलं, तर पहिली धाड त्याच्यावरच पडेल.) पुढे या कायद्याखालचा एक खटला सुप्रीम कोर्टात गेला. सेंट लुईसहून पिओरियाच्या एका बेकरीत गेलेले, फोडून साठवलेल्या अंड्यांचे ५० डबे. आत टिकवण्यासाठी घातलेलं बोरिक ॲसिड. कंपनीचं म्हणणं, माल मुक्कामी पोचला, शिवाय तो विकायचा नाही, बेकरीतच वापरायचा आहे, मग सरकारचा संबंध काय? १९११ मध्ये कोर्टाने जप्ती कायम केली. आमच्या धंद्यातही हेच ऐकू येतं : गिऱ्हाइकाला डबा थोडाच दिसतो!

पण जप्तीपेक्षा मला त्यांची दुसरी गोष्ट पटते. कोर्टाचा निकाल लागला की तो छापायचा, हे त्या कायद्यातच होतं. १९०८ पासून नंबर घातलेली पत्रकं निघू लागली. माल कोणाचा, कुठून कुठे गेला, तपासणीत काय सापडलं, कोर्टाने काय केलं, सगळं त्यात. सडक्या टोमॅटोचा पल्पसुद्धा. दंड किरकोळ असला तरी नाव कागदावर राहायचं.

आपला २००६ चा अन्न सुरक्षा कायदाही लेचापेचा नाही. नमुन्याचे चार भाग होतात, अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. नाव छापायची तरतूदही आहे, पण एकदा शिक्षा झालेला पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडला तर. पहिल्या खेपेचं काय? दिवाळीच्या तोंडावर छाप्यांचे फोटो येतात; पुढे त्या मालाचं काय ठरलं, ते माझ्या तरी वाचनात येत नाही.

मागणी एकच. डबाबंद मालाच्या प्रत्येक निकालाला नंबर द्या. ब्रँड, बॅच, दोष आणि दंड मराठीत वेबसाइटवर टाका. जो निर्दोष सुटला त्याचंही टाका, त्यालाही अब्रू आहे. आमरस आंबट, त्यात बोट्युलिझमची, म्हणजे बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची, भीती कमी. मटार, मशरूम, माशांच्या डब्यांत ती खरी, आणि तिथे वास येईलच असं नाही.

चौथा डबा मी परत दिलेला नाही. गच्चीवर घमेल्याखाली ठेवलाय, फुटला तर तिथेच फुटेल. बॅच नंबर अजून वाचता येतो. माणूस पाठवा, चहा माझ्याकडे.

कळावे,
आपला,
एक आम्रखंडवाला, कोल्हापूर