‘बॅस्टियन’वरील आक्षेप

महोदय,

महाआपत्तीनंतर उद्ध्वस्त झालेल्या जगात घडणाऱ्या ‘बॅस्टियन’ या २०११ सालच्या व्हिडिओ गेमवर, लढाई सोपी आहे आणि निवेदक फार बोलतो, असे दोन आक्षेप खेळाडू आजही घेतात. पहिला काही अंशी मान्य आहे. ढाल अचूक वेळी उचलता आली की बरेचसे शत्रू निष्प्रभ होतात. दुसरा मात्र पटत नाही. लोगन कनिंगहॅम यांच्या खरखरीत आवाजातील वृद्ध निवेदक रक्स, नायकाच्या पायाखाली जमीन आकार घेत असताना आणि तो कडेवरून कोसळला तरीही, त्या-त्या क्षणाचे वर्णन करत राहतो. त्यामुळे कथा सांगण्यासाठी खेळ अडवून धरावा लागत नाही. (मोठ्या बजेटच्या गेममधील लांबलचक दृश्ये पाहताना हे प्रकर्षाने जाणवते.)

शेवटाकडे, नायकाचा विश्वासघात करणाऱ्या झुल्फ या साथीदाराला तिथेच सोडायचे की हातातले शस्त्र टाकून त्याला खांद्यावर घ्यायचे, हे खेळाडूने ठरवायचे असते. उचलले, तर बाणांचा मारा सोसत, प्रतिकार न करता पुढे चालावे लागते आणि अखेरीस शत्रूचे धनुर्धारी आपणहून थांबतात. लढाई उथळ ठरवणारे बहुतेक जण या प्रसंगाचा उल्लेखही करत नाहीत, याचे आश्चर्य वाटते.

– एक वाचक, नाशिक