प्रवेश अर्जात आणखी एक रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलं मोबाइलला चिकटलेली असतात, अशी तक्रार करणारी पत्रं वाचकांच्या सदरात वरचेवर येतात. ती लिहिणाऱ्यांनी एकदा शाळा सुटण्याची वेळ आणि आईबापांची कामावरून सुटण्याची वेळ शेजारी शेजारी मांडून पाहावी. मधल्या तीन-चार तासांत मूल कुठे असतं, कुणाजवळ असतं, हा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे.

मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक खिडकीशी येतात, कागद देतात, पावती घेतात आणि निघता निघता आवाज जरा खाली आणून विचारतात, "मॅडम, शाळा सुटल्यावर मुलाला थांबवून घ्यायची काही सोय आहे का?" मी नाही म्हणते. ते बरं म्हणतात. संपलं. आमच्या अर्जात रक्तगट आहे, मातृभाषा आहे, आधीच्या शाळेचा शेरा आहे, पण या प्रश्नाला जागा नाही. मग संस्थेच्या बैठकीत कुणी विषय काढलाच, तर उत्तर तयार असतं: "तशी मागणी आलेली नाही." मागणी येते, दरवर्षी येते, पण ती माझ्या कानापर्यंत. बैठकीत कागद लागतो.

मोजणी कशी करतो यावर आकडा किती बदलतो पाहा. जपानमध्ये शाळेनंतरच्या बालकेंद्रांत २०२४ साली सुमारे १५ लाख मुलं होती आणि प्रतीक्षा यादीत सुमारे १७ हजार ७००. या यादीत येतं ते अर्ज करूनही जागा न मिळालेलं मूल. जवळ केंद्रच नाही म्हणून ज्यांनी अर्ज केला नाही, ते त्यात कसे येणार? अमेरिकेत एक संस्था २००४ पासून काही वर्षांच्या अंतरानं थेट पालकांनाच विचारते की, सोय असती तर मुलाला पाठवलं असतं का. २०१४ मध्ये १ कोटी २ लाख मुलं शाळेनंतरच्या उपक्रमांत होती आणि आणखी १ कोटी ९४ लाख मुलांचे पालक हो म्हणत होते. २०२० च्या अहवालात जाणारी मुलं ७८ लाखांवर उतरली आणि हो म्हणणाऱ्या पालकांची मुलं २ कोटी ४६ लाखांवर गेली. म्हणजे आत एक, तर दाराबाहेर तीन. कारणं विचारली तर पालकांनी मुख्यतः खर्च आणि ने-आण सांगितली. जाणाऱ्यांचा आकडा घसरला म्हणून गरज कमी झाली, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन अहवाल एकत्र वाचावेत.

आपल्या कायद्यांनीही मूल सहा वर्षांचं झालं की सुटकेचा श्वास सोडलेला दिसतो. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं पाळणाघर सहा वर्षांखालच्या मुलांपुरतं होतं. पुढची जबाबदारी शाळेची, असं गृहीत धरलेलं असावं. पण शाळा सांभाळते ती घंटा होईपर्यंतच.

घंटेनंतर काय होतं, ते मी खिडकीतून पाहते. आमच्या सहावीतली एक मुलगी धावायला फार चांगली. खेळाच्या बाईंनी तिला सरावाला थांबायला सांगितलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली. दुसरीतल्या भावाला घरी नेऊन कुलूप उघडायचं, त्याला खायला द्यायचं आणि आई येईपर्यंत दार लावून बसायचं, हे काम तिचं. बाई चिडल्या, मग त्यांनी आईला बोलावलं. आई म्हणाली, "थांबू दे की, पण मग धाकट्याला कुठे ठेवू?" बाईंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच. भावाची सोय नाही म्हणून बहिणीचं मैदान गेलं. असा हिशेब कुठल्याही पाहणीत 'मागणी' म्हणून येत नाही. त्या मुलीला काय हवं, हे विचारायचं तर कुणाच्या डोक्यातही नसतं.

ज्यांना परवडतं ते शिकवणी लावतात. इतकी मुलं शिकवणीला जातात, त्यातल्या किती जणांना खरोखर गणित जमत नाही आणि किती जण केवळ संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसावीत म्हणून जातात, हे एकदा शोधायला हवं. माझा अंदाज मी सांगत नाही, शिकवणीवाले रागावतील.

यावर हमखास येणारा आक्षेप: "शिक्षकांवर आणखी एक काम?" मुळीच नको. दिवसभर वर्ग सांभाळलेल्या माणसाला संध्याकाळीही अडकवणं हा अन्याय आहे, आणि त्यातून मुलांच्या वाट्याला थकलेलं, वैतागलेलं माणूस येतं. स्वीडनमध्ये या कामासाठी वेगळं पदवीशिक्षण आहे आणि मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत ही सोय मिळू शकते. जर्मनीनं २०२१ मध्ये कायदा करून प्राथमिकच्या मुलांना दिवसाचे आठ तास, शाळा धरून, सांभाळ मिळण्याचा हक्क दिला. तो २०२६-२७ च्या शालेय वर्षात पहिलीपासून लागू करून दरवर्षी एक इयत्ता वाढवायची, असं ठरलं. मला ही पायरीपायरीची पद्धत आवडली. इमारत, माणसं, पैसा सगळं एका वर्षात उभं राहत नसतं.

आणि नुसतं थांबवून घेणं पुरेसं नाही, हेही लिहून ठेवते. डरलॅक, वाइसबर्ग आणि पाचन या संशोधकांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या उपक्रमांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. जिथे कौशल्यं क्रमानं, प्रत्यक्ष करून घेत आणि पुरेसा वेळ देऊन शिकवली होती, तिथे मुलांचा आत्मविश्वास, शाळेची ओढ आणि गुणही वाढलेले दिसले. जिथे असं काही नव्हतं, तिथे फरक दिसला नाही. बाकांवर बसवून "गप्प बसा" म्हणण्यासाठी कुणी पैसे मागू नयेत.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक शाळेनं प्रवेश अर्जात चार प्रश्न घालावेत: शाळा सुटल्यावर मूल कुणाजवळ असतं, थांबायची सोय झाली तर पाठवाल का, किती वाजेपर्यंत, आणि ने-आण कोण करेल. धाकटं भावंड असेल तर तेही विचारावं. उत्तरांची बेरीज शाळेनं सूचनाफलकावर लावावी आणि वर शिक्षण खात्याकडे पाठवावी. एवढ्यानं कुणाच्या मुलाची सोय होणार नाही, हे मला कळतं. पण पुढच्या बैठकीत "तशी मागणी आलेली नाही" हे वाक्य तरी म्हणता येणार नाही. अर्ज छापायला टाकायच्या आधी हे व्हावं. नंतर आमच्याकडे "आता पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

आपली,
शालेय कार्यालयातील एक लिपिक